‘काम बघून कायम’ लिहिणं आधी बंद करा

टोमॅटोचा सातवा तोडा काल झाला. पावसाची उघडीप नाही, खालच्या पानांवर करपा चढतोय, फवारणीला दोन तास सलग कोरडे मिळत नाहीत. त्यावर उद्या फोटोसकट लिहितो. आज दुसरं लिहायचंय. सकाळपासून डोक्यात तेच चाललंय.

पहाटे आमच्या भागातल्या एका ग्रुपवर जाहिरात आली. ती अशी: आयशरसाठी अनुभवी ड्रायव्हर पाहिजे. हेवी लायसन्स, किमान पाच वर्षं अनुभव, माळशेज घाटाची सवय, वाशी मार्केटची माहिती. किमान आठवी पास. निर्व्यसनी. सुरुवातीला तात्पुरता, काम बघून कायम करू. पगार समक्ष.

खाली अकरा जणांनी अंगठे दिले होते. मी दिला नाही, कारण ‘काम बघून कायम’ हे वाक्य मी ओळखतो. आमच्या गटाची जाहिरात मीच लिहिली होती, याच फोनवर, याच अंगठ्याने. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आज दिसतं. या वाक्याने आमचे पैसे गेले, एक चांगला माणूस गेला, आणि एका रात्री त्याचा जीव जाता जाता राहिला. म्हणून जाहिरात टाकणाऱ्या दादांची आधीच माफी मागून लिहितो. राग तुमच्यावर नाही, माझ्यावरच आहे, पण ऐकून घ्या.

आधी थोडी पार्श्वभूमी. २०२३ च्या जुलैत टोमॅटोला जो भाव आला तो आपल्या जुन्नर तालुक्यात कोणी विसरणार नाही. त्या पैशातून कोणी घराचा स्लॅब टाकला, कोणी ट्रॅक्टर घेतला. आम्ही अकरा जणांनी मिळून सतरा फुटी आयशरचं डाउन पेमेंट भरलं. हिशेब सरळ होता. सगळा माल नारायणगावात विकण्यापेक्षा थोडा थेट वाशीला न्यायचा, भाड्याच्या गाडीचे पैसे वाचवायचे, परतीला खत नाहीतर पशुखाद्य आणायचं. गाडी आली, नारळ फुटला, आणि मग ध्यानात आलं की गटात ट्रॅक्टर चालवणारे नऊ जण आहेत, पण सहा टन माल घेऊन पावसात माळशेज उतरणारा एकही नाही.

जाहिरात दिली. चौथ्या दिवशी एक गृहस्थ आले. वय पन्नाशीच्या आतबाहेर, भाजीपाल्याच्या गाडीवर बावीस वर्षं. नाव लिहीत नाही, भाऊ म्हणतो. आम्ही त्यांना म्हणालो, “महिना १८,०००, फेरीमागे ३०० भत्ता. भाऊ, आधी हंगामभर बघू, मग कायमचं करू.” ते म्हणाले, “बघा ना शेठ, बघायला काय.”

आता मला सांगा, बावीस वर्षांच्या ड्रायव्हरमध्ये आम्ही हंगामभर काय बघणार होतो? बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, तासभर औताला जुंपून बघतो, आणि मग व्यवहार होतो किंवा मोडतो. पेरणीपासून मळणीपर्यंत जुंपायचा आणि मग म्हणायचं ‘अजून बघू’, असं कोणी केलं तर बाजारात त्याला कोणी उभं करणार नाही. बैलाच्या बाबतीत जी लाज आपल्याला आहे ती माणसाच्या बाबतीत का नाही, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

भाऊंचं काम मात्र बघण्यासारखंच होतं, ते सांगतो. कृषी सहायक आणि सल्लागार मित्रही हे पान वाचतात, त्यांच्या कामाचं आहे.

पहिल्याच दिवशी त्यांनी क्रेट भरणाऱ्या बायकांना थांबवलं. आपण वीस किलोच्या क्रेटमध्ये कडेच्या वर शीग लावतो, दिसायला भरपूर दिसतो म्हणून. ते म्हणाले, “कडेच्या खाली बोटभर ठेवा. क्रेटवर क्रेट बसला पाहिजे, टोमॅटोवर नाही.” मग लोडिंग. सात थर, २८० क्रेट. जास्त पिकलेला माल केबिनच्या बाजूला खालच्या थरांत, कच्चा आणि कडक माल मागे आणि वर. कारण मागच्या एक्सलच्या पलीकडे आणि वरच्या थरात हादरा सगळ्यात जास्त बसतो. मी कृषी पदविका केलेला माणूस, काढणीपश्चात नुकसानीवर भाषणं ऐकलेली, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिरपाल बांधताना पुढून वारा शिरायला आणि मागून निघायला जागा ठेवायचे. टोमॅटो तोडल्यावरही श्वास घेतो, उष्णता सोडतो. ओला माल घट्ट झाकून तासभर उभा केला की आत भट्टी होते. भाऊंना श्वसन हा शब्द माहीत नव्हता. ते म्हणायचे, “माल घामेजतो.”

आणि घाट. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा त्यांचा नियम. डिझेल सातचं ॲव्हरेज द्यायचं. आमच्यातला एक जण प्रत्येक बैठकीत म्हणायचा, दुसऱ्यांच्या गाड्या आठ देतात, आपली सातच का? ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आठवी पासची अट जाता जाता सांगतो. ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी आठवी पास असण्याची अट केंद्र सरकारने २०१९ लाच काढून टाकली. आपण मात्र जाहिरातीत ती अजून चालवतो. भाऊ सहावीपर्यंत शिकलेले. आडत्याची पट्टी त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळायची. रिकामे क्रेट मोजून परत आणायचे, वाराईवरून कोणी जास्त मागितलं तर हुज्जत घालून कमी करायचे. आमचा एक क्रेट कधी हरवला नाही.

पहिला हंगाम दिवाळीला संपला. बैठक बसली. विषय निघाला, भाऊंना कायम करायचं का. एक जण म्हणाला, “कायम केला की ड्रायव्हर शेफारतो.” दुसरा म्हणाला, “आता चार महिने गाडी उभी, पगार कशाचा द्यायचा?” मी गप्प बसलो. ठरलं असं की पुढच्या हंगामात बघू. भाऊंना फोन मी केला. ते म्हणाले, “बरं शेठ.” चार महिने ते कुठे विटांच्या, कुठे चाऱ्याच्या गाडीवर बदलीवर गेले आणि बोलावल्यावर परत आले. दुसऱ्या हंगामात तेच वाक्य, फक्त नवीन तारखेला.

मित्रांनो, याच बैठकीत बसलेल्या दोघांची पोरं साखर कारखान्यावर रोजंदारीत आहेत. हंगाम संपला की घरी, हंगाम सुरू झाला की परत, आणि कायमचं विचारलं की पुढच्या वर्षी बघू. ही दोघं पारावर बसून संचालकांना काय काय बोलतात ते मी ऐकलंय. २४० दिवस भरू नयेत म्हणून मध्ये ब्रेक कसा देतात, हे त्यांना तोंडपाठ आहे. आणि तरी आमच्या बैठकीत शेफारतो म्हणणारा त्यातलाच एक. साखर कारखान्यांनी निदान ‘हंगामी कायम’ असा वर्ग तरी केला. त्या कामगाराला बिगरहंगामात काम नसलं तरी ठराविक भत्ता मिळतो, आणि गाळप सुरू झालं की त्याची जागा त्याचीच असते. आम्ही शेतकरी तेवढंही करत नाही. आम्ही फक्त बघतो.

आता त्या रात्रीबद्दल. हे मी आजवर इथे लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या हंगामातला श्रावण. भाव चढला होता, प्रत्येकाला माल पुढे काढायचा होता. भाऊंनी सलग तीन रात्री फेऱ्या केल्या. संध्याकाळी लोडिंग, रात्री घाट, पहाटे मार्केट, दुपारी परत, पुन्हा लोडिंग. चौथ्या संध्याकाळी ते आले तेव्हा डोळे लाल होते आणि अंग तापलेलं होतं. हे मला दिसलं. मी विचारलं, “भाऊ, जमेल ना?” ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “जमेल शेठ.” माझे त्यात सत्तर क्रेट होते. मी पुढे काही विचारलं नाही.

घाटात एका वळणावर त्यांना डुलकी लागली. गाडी डावीकडे डोंगराच्या बाजूला घासली. हेडलाइट गेला, बंपर गेला, माल वाचला. उजवीकडे गेली असती तर काय, ते माळशेज पाहिलेल्यांना सांगायला नको. तशाच एका लाइटवर त्यांनी माल वाशीला पोचवला. आणि आम्ही काय केलं? दुरुस्तीचे ४,२०० रुपये झाले, ते त्यांच्या पगारातून तीन हप्त्यांत कापले. ठराव झाला. वहीत माझ्या अक्षरात आहे.

पुढे ते सोडून गेले. हंगाम ऐन भरात असताना. दुधाच्या टँकरवर नोकरी मिळाली, पहिल्या दिवसापासून कागद, कागदावर तारीख, महिना उलटला की कायम. पगार आमच्यापेक्षा फक्त हजाराने जास्त. मी म्हणालो, “भाऊ, हजार आम्हीही वाढवले असते.” त्यावर ते जे म्हणाले त्याच्यासाठी हे सगळं लिहितोय. म्हणाले, “पैशाचं नाही शेठ. तिकडं ताप आला तर सांगता येतं.”

आपण जाहिरातीत अनुभवी लिहितो. अनुभव म्हणजे काय असतो? स्टिअरिंग धरणं तर वर्षभरात येतं. बावीस वर्षांत माणूस शिकतो ते कधी गाडी काढायची नाही हे. आज धुकं आहे, थांबू. आज टायर गरम झालाय, थांबू. आज माझे डोळे मिटतायत, थांबू. त्या ‘थांबू’साठी आपण अनुभवी माणूस शोधतो. आणि त्याच माणसाला तात्पुरता ठेवून, परीक्षा चालू आहे असं रोज जाणवून देऊन, आपण नेमका तो शब्द त्याच्या तोंडातून काढून घेतो. कारण परीक्षेला बसलेला माणूस नाही म्हणत नाही. भाऊंना घाटाचं सगळं कळत होतं, आणि तरी त्या संध्याकाळी ते जमेल म्हणाले. आम्ही पाच वर्षांचा मागितला, बावीस वर्षांचा मिळाला, आणि वापरला मात्र नवख्यासारखा.

त्यानंतर आलेल्या बदली ड्रायव्हरचंही ऐका. लायसन्स हेवी, अनुभव आठ वर्षं. पण सिमेंटच्या पोत्यांचा. पोतं घामेजत नाही. त्याने तिरपाल चहूबाजूंनी आवळून बांधलं, मुरबाडच्या पुढे ढाब्यावर दोन तास गाडी उभी केली, आणि बाजार उतरणीला लागल्यावर वाशीत पोचला. त्या दिवशी चांगल्या मालाला क्रेटला ४२० होता, आमची पट्टी ३१० ची आली. २८० क्रेटवर ११० चा फरक, म्हणजे ३०,८०० रुपये एका रात्रीत. आल्यावर तो खुशीत सांगतो, “शेठ, सव्वाआठचं ॲव्हरेज काढलं!” आणि आमच्यातल्या त्या ॲव्हरेजवाल्याने त्याची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने ड्रम उघडले आणि विचारलं, घाट न्यूट्रलमध्ये उतरवता का? सगळा भार ब्रेकवर, लायनर जळालेले. तो पोरगाही परीक्षेलाच बसला होता. त्याला कळलं होतं की इथे डिझेलवर मार्क मिळतात, म्हणून त्याने डिझेल वाचवलं. चूक त्याची किती आणि मार्क देणाऱ्यांची किती?

आता तुमचे आक्षेप. ते मलाही माहीत आहेत, मीच बैठकीत मांडत होतो.

पहिला, ड्रायव्हर टिकत नाहीत. तात्पुरता माणूस टिकेल कसा? ज्याला तुम्ही धरलेलंच नाही तो सोडून जातो म्हणून रडायचं, याला काही अर्थ नाही.

दुसरा, दारू पितात, डिझेल मारतात, फसवतात. काही जण करतात. मी साधुसंतांची वकिली करत नाही. पण हे ओळखायला हंगाम लागत नाही. लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की परिवहन खात्याच्या सारथी साइटवर लायसन्स खरं का, कोणत्या गाडीचं, कधीपर्यंत चालू, हे पाच मिनिटांत दिसतं. आधीच्या दोन मालकांना फोन करा, आणि फोनवर ‘कसा आहे’ एवढंच विचारू नका, ‘परत ठेवाल का’ हे विचारा. मग त्याच्या शेजारी केबिनमध्ये बसून तीन फेऱ्या करा. एक दिवसाची, एक रात्रीची, एक पावसातली. तो घाटात कोणता गिअर धरतो, ढाब्यावर काय मागवतो, लोडिंगच्या वेळी फोनवर असतो की मालाकडे बघतो, सगळं दिसतं. डिझेलची टाकी फुल करून किलोमीटर लिहून ठेवा, महिन्यात चोर असेल तर सापडतो. एवढं करूनही आपल्याला माणूस कळत नसेल तर परीक्षा आपली घ्यायला पाहिजे.

पिकअपवाल्यांसाठी इथेच एक गोष्ट. एकूण वजन साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही लायसन्स चालतं, वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला पक्कं केलंय. त्यामुळे बोलेरोवर चांगला हात असलेल्या पोराला हेवी नाही म्हणून परत पाठवू नका. सतरा फुटी आयशर मात्र त्याच्या वर जाते, तिथे ट्रान्सपोर्टचंच लागेल.

तिसरा आक्षेप खरा आहे. वर्षभर काम नसतं. टोमॅटो मे-जूनपासून दिवाळीपर्यंत, मग थोडा कांदा, मग गाडी उभी. त्याला बाराही महिने पूर्ण पगार देणं लहान गटाला परवडत नाही, हे मी मान्य करतो. पण मग तसं सांगा ना! काम हंगामी आहे, आठ महिन्यांचं, दरवर्षी अमुक तारखेला सुरू होईल, जागा तुमची, आणि मधल्या चार महिन्यांत अर्धा पगार. ही सरळ गोष्ट झाली. मी आकडा मांडून बघितला. अर्धा पगार ९,०००, चार महिन्यांचे ३६,०००. आमच्या वर्षाला साधारण ११० फेऱ्या होतात, म्हणजे ३०,८०० क्रेट. क्रेटमागे सव्वा रुपयाच्या आत. सव्वा रुपया वाचवायला आम्ही भाऊंना घालवलं आणि सिमेंटवाल्याच्या एका फेरीत जवळजवळ तेवढेच पैसे वाशीत सांडून आलो.

चौथा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण सगळ्यांच्या मनात असतो. तात्पुरता असला म्हणजे आपली जबाबदारी नाही, उद्या काही झालं तर तो आपला माणूस नव्हता असं म्हणता येतं. असं नसतं, भाऊ. आपल्या धंद्यासाठी गाडीवर ठेवलेला ड्रायव्हर कामावर जखमी झाला किंवा गेला, तर भरपाईच्या कायद्याखाली मालक जबाबदार असतो, कायम असो की तात्पुरता. पॉलिसी काढून एकदा नीट वाचा. त्यातला १५ लाखांचा अपघात विमा हा मालक स्वतः चालवत असेल तर त्याचा. पगारी ड्रायव्हरच्या अपघात विम्यासाठी वेगळा थोडा हप्ता भरावा लागतो. आमच्या पॉलिसीत तो भरलेलाच नव्हता. दोन हंगाम भाऊ त्या घाटातून गेले आले, आणि आम्हाला हे माहीत नव्हतं. हे वाचल्यावर तरी कपाट उघडून बघा.

कामाच्या तासांचंही तसंच. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, मध्ये विश्रांती, आठवड्याची सुट्टी हे सगळं लिहिलं होतं. तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूकदारांना होता, आणि पुढे २०२० च्या कामगार संहितेत घालण्यात आला. एक गाडी, एक ड्रायव्हर असलेला आमचा गट त्यात कुठेच नव्हता. म्हणून आम्ही खुशाल चार रात्री काढायला सांगितल्या. कायदा आम्हाला लागू नव्हता, पण झोप भाऊंना लागू होती.

२०२४ च्या जानेवारीत ड्रायव्हरांनी चाकं थांबवली ते आठवतं? १ आणि २ तारखेला पंपांवर रांगा लागल्या, भाजी शेतात राहिली. नव्या न्याय संहितेत अपघात करून न कळवता पळून गेलं तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, अशी तरतूद आली होती. आधी निष्काळजीपणाने मृत्यूला दोन वर्षांपर्यंत होती. पुढे ती तरतूद तूर्त लागू न करता बाकीची संहिता १ जुलैपासून सुरू झाली. तेव्हा आपण सगळ्यांनी ड्रायव्हरांना शिव्या घातल्या, मीही घातल्या. पळू नये हे बरोबरच आहे, जखमी माणसाला टाकून जाणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण जमाव अंगावर येत असताना तो थांबेल कोणाच्या भरवशावर? त्याने मालकाला फोन केला आणि मालक म्हणाला की हा आमचा कायमचा माणूस नाही, तर? भाऊंवर तशी वेळ आली असती तर आमच्या अकरा जणांतले किती पोलीस ठाण्यात गेले असते, हे मी मोजून पाहिलं. आकडा लिहीत नाही.

या हंगामाला आम्ही कागद केला. एक पान, मराठीत, दोन्हीकडे सह्या. तपासणीचा काळ ३० दिवस, शेवटची तारीख आकड्यात. त्या तारखेला गटाने नाही म्हटलं नाही तर माणूस आपोआप कायम, पुन्हा बैठक नाही. सलग दोन रात्रींनंतर तिसरी रात्र झोपेची, भाव कितीही असो. दारू किंवा मुद्दाम केलेलं नुकसान सोडून दुरुस्तीचे पैसे कापायचे नाहीत. बिगरहंगामात अर्धा पगार. पगारी ड्रायव्हरचा विमा गटाच्या खर्चाने. आणि शेवटी एक ओळ मी भांडून घातली: गाडी काढायची की थांबवायची हे रस्त्यावर असताना ड्रायव्हर ठरवेल, त्याबद्दल त्याला दंड नाही. या ओळीला चार जणांचा विरोध होता. ‘मग मालक कोण?’ असं विचारलं गेलं.

भाऊ परत आले नाहीत. मी गेलो होतो बोलवायला. त्यांनी चहा पाजला, टँकरच्या कंपनीचं ओळखपत्र दाखवलं, आणि शेजारच्या गावातला एक तरुण सुचवला. त्यांच्याच हाताखाली क्लीनर म्हणून शिकलेला, आता नऊ वर्षं स्टिअरिंगवर. तो १ जूनला आला, महिना भरला, कायम झाला. क्रेट बोटभर खालीच भरून घेतो.

परवा रात्री अकराला त्याचा फोन आला. घाटाच्या अलीकडे मढला होता. म्हणाला, “दादा, पुढचं काहीच दिसत नाहीये. गाडी लावतोय. धुकं हललं की निघतो.” माझे ६४ क्रेट होते गाडीत. तोंडावर आलं होतं, हळूहळू जमेल का बघ. मी म्हणालो, “बरं, झोप थोडा.” मग मलाच झोप लागली नाही. तो पहाटे चारला निघाला, मार्केटला उशिरा पोचला, आणि क्रेटला ४० रुपये कमी मिळाले. २८० क्रेटचे ११,२००.

काल संध्याकाळी दोघांचे फोन आले. हे पैसे कोणी भरायचे, आणि असंच चालणार असेल तर त्याला कायम का केला, असं विचारत होते. रविवारी देवळात बैठक आहे. मी सही केलेला कागद आणि ती ४,२०० च्या ठरावाची जुनी वही, दोन्ही घेऊन जाणार आहे.

जाहिरातवाले दादा, तुम्हाला कागदाचा नमुना हवा असेल तर सांगा, फोटो पाठवतो.